रेझिन प्रिंटसाठी घरगुती वॉश आणि क्युअर स्टेशन: सोलापूरच्या उन्हाळ्यात चालेल असं

शेंगाचटणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. रेझिन प्रिंटरसाठी (द्रव रेझिन उजेडाने थराथराने घट्ट करून वस्तू छापतो तो) वॉश आणि क्युअर स्टेशन, म्हणजे छापलेला भाग धुऊन उजेडात पक्का करायची सोय, घरीच बांधायचं आहे. प्रिंटर ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशाचा, बेड अंदाजे १४ × ९ सेंमी, उंची १६ सेंमी. कच्चा आराखडा असा:

१. एकच दोनमजली कपाट. वर धुवायच्या आयपीएची (आयसोप्रोपिल अल्कोहोल) टाकी, खाली क्युअरिंग, तळाला एसएमपीएस (१२ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) आणि एक्स्टेन्शन बोर्ड.
२. टाकी ५ मिमी ॲक्रिलिकची, चिकटवून केलेली.
३. टाकीखाली १२ व्होल्टची जॉन्सन गिअर मोटर, ३०० आरपीएम, तिच्यावर चुंबक. टाकीत चुंबकाचा पंखा.
४. क्युअरिंगसाठी १५ किलोचा तेलाचा रिकामा डबा आणि ५ मीटर जांभळी एलईडी पट्टी.
५. खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याची. एप्रिल-मेमध्ये दुपारी आत ४० च्या वरच असतं.

काय चुकतंय ते बेधडक सांगा. कापाकापी अजून सुरू केलेली नाही.

सोल्डरबाबा

बरं झालं कापायच्या आधी विचारलंत. पाचातले चार मुद्दे बदलावे लागतील, आणि पाचव्यामुळेच ते बदलावे लागतील.

पहिला मुद्दा सगळ्यात वाईट. आयपीएचा फ्लॅश पॉइंट सुमारे १२ अंश सेल्सिअस. म्हणजे आपल्याकडे डिसेंबरच्या दुपारीसुद्धा उघड्या टाकीवरची वाफ ठिणगीने पेटू शकते. २० अंशाला तिचा वाफदाब जितका असतो त्याच्या तिप्पट ४० अंशाला होतो. आणि ही वाफ हवेच्या दुपटीने जड, म्हणजे ती वर जात नाही, टेबलावरून खाली ओघळते आणि तळाशी साचते. तुमच्या आराखड्यात तळाशी काय आहे? एसएमपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड. बटण दाबलं की बोर्डात बारीक ठिणगी पडतेच.

म्हणून वॉश आणि क्युअर हे दोन वेगळे डबे करा, मधे निदान दीड-दोन मीटर अंतर. विजेचं सगळं टाकीपेक्षा उंचावर, भिंतीवर. विकतच्या मशीनमध्ये दोन्ही कामं एकाच बुंध्यावर होतात, तिथे जागा वाचवणं हा हेतू असतो. आपल्याला ती नक्कल करायची काही गरज नाही.

दुसरं, ॲक्रिलिक. आयपीएने ॲक्रिलिकला केसासारख्या चिरा जातात, विशेषतः चिकटवलेल्या सांध्याजवळ आणि कापलेल्या कडेला, कारण तिथे ताण अडकलेला असतो. एक दिवस दोन लिटर आयपीए टेबलावर येईल. पॉलिप्रॉपिलीनचा चार बाजूंनी क्लिप लागणारा हवाबंद डबा घ्या, साडेतीन-चार लिटरचा. तळाला त्रिकोणात ५ आणि पीपी लिहिलेलं बघून घ्या.

तिसरं, जॉन्सन मोटर ब्रशवाली असते. ब्रश आणि कम्युटेटर यांच्यात ठिणगी उडणं हा तिचा स्वभावच. ती टाकीच्या खाली, म्हणजे बरोबर वाफ साचते तिथे. नको. ब्रशलेस काहीतरी घ्या: कॉम्प्युटरचा १२० मिमी पंखा किंवा स्टेपर (पावलापावलाने फिरणारी मोटर).

चौथं रात्री लिहितो, तिथे मजकूर जास्त आहे.

कडक_भाकरी

क्युअरिंगचा डबा कशाला करायला लागलाव? सोलापुरात राहून यूव्ही विकत घेणारा माणूस पहिल्यांदाच बघायलोय. गच्ची आहे की! हलकेच घ्या, पण मुद्दा खरा आहे.

यंत्रमाग_३डी

मुद्दा अर्धा खरा आहे. उन्हात ४०५ च्या आसपासचा प्रकाश आणि यूव्ही-ए दोन्ही असतात, त्यामुळे रेझिन पक्कं होतंच. पण तीन अडचणी आहेत.

एक, ऊन एका बाजूने येतं. ती बाजू आधी आक्रसते आणि पातळ भाग उजेडाकडे वाकतो. दोन, उन्हातली फरशी हातही ठेवता येणार नाही इतकी तापते, आणि अर्धवट पक्कं रेझिन तापलं की मऊ पडतं. १ मिमी जाडीचं काहीही असेल तर आकार गेलाच. तीन, मोजमाप नाही. जानेवारीत सकाळी नऊचं ऊन आणि मेमधलं बाराचं ऊन यांत किती फरक ते इथे कोणाला सांगायला नको. आज दहा मिनिटांत झालं म्हणून उद्या दहा मिनिटांत होईल असं नाही. पारदर्शक रेझिन तर बघता बघता पिवळं पडतं.

जाड, ठोकळ्यासारखा भाग असेल तर सकाळच्या उन्हात, दर दोन-तीन मिनिटांनी फिरवत खुशाल करा. मोजून काम करायचं असेल तर डबाच.

सोल्डरबाबा

चौथा मुद्दा: "जांभळी" पट्टी.

सजावटीची जांभळी पट्टी म्हणजे लाल आणि निळा एलईडी एकत्र. निळा ४६० नॅनोमीटरच्या आसपास असतो, त्याने आपलं रेझिन नीट पक्कं होत नाही. पट्टीवर ३९५-४०५ किंवा ४०५ लिहिलेलं हवं, आणि लिहिलेल्यावर विश्वास न ठेवता दुकानातच तपासा. टिनोपॉल दिलेला पांढरा कपडा किंवा ब्लीच केलेला पांढरा टॉवेल पट्टीसमोर धरा. खरी पट्टी असेल तर कपडा निळसर पांढरा उजळून निघतो. सजावटीची असेल तर कपडा नुसता जांभळा दिसतो. सोलापुरात टॉवेलला काय तोटा!

आणखी एक. कोरोनाच्या काळात लोकांनी यूव्हीसीचे निर्जंतुकीकरण डबे घेतले, ते आता पडून आहेत. ते यासाठी वापरू नका. तो प्रकाश २५४ नॅनोमीटरचा, डोळे आणि कातडी भाजणारा, आणि रेझिनमध्ये खोल जातच नाही. वरचा पापुद्रा कडक, आत कच्चं.

आता डब्याचं गणित. १५ किलोचा तेलाचा डबा सुमारे २३ सेंमी चौरस आणि ३५ सेंमी उंच असतो. ५०५० प्रकारची, मीटरला ६० एलईडीची पट्टी दर ३ एलईडीला, म्हणजे ५ सेंमीवर कापता येते. ३० सेंमीचे १६ तुकडे करा, प्रत्येक भिंतीवर ४ उभे. एकूण ४.८ मीटर. मीटरला १४.४ वॅट धरले तर ६९ वॅट, १२ व्होल्टला ५.८ अँपिअर. एसएमपीएस ८.५ किंवा १० अँपिअरचा घ्या, ५ चा नको, ६ चाही नको. पत्र्याच्या खोलीत ४० अंशाला तो छापील क्षमतेवर फार दिवस चालत नाही.

सोळाही तुकडे समांतर जोडायचे, एकामागे एक नाही. प्रत्येक भिंतीची एक शाखा, तिच्यात दीड अँपिअरपेक्षा थोडं कमी, त्याला ०.५ चौरस मिमी वायर पुरते. एसएमपीएसपासून डब्यापर्यंत १ चौरस मिमी. अख्खी ५ मीटर पट्टी नुसती गुंडाळून एका टोकाने वीज दिली तर दुसरं टोक मंद राहतं. ते डोळ्याला कळत नाही, कारण ४०५ डोळ्याला मुळातच फिकट दिसतं. प्रिंटला कळतं.

पट्टीची मागची चिकटपट्टी उन्हाळ्यात सुटणार हे धरून चाला. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना सिलिकॉनचा ठिपका द्या. त्याआधी डबा कॉस्टिक सोड्याने किंवा भांड्यांच्या साबणाने धुऊन तेल पूर्ण घालवा, आतून ॲल्युमिनियमची चिकट टेप लावा. टेपवर सोल्डरचे टाके उघडे टेकले की शॉर्ट. टाक्यांवर हीटश्रिंक नळी किंवा कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेशन टेप) लावाच.

डबा पत्र्याचा आहे, म्हणून अर्थिंग. एसएमपीएसच्या अर्थ टर्मिनलवरून एक हिरवी वायर डब्याला स्क्रूने घट्ट, खाली रंग खरवडून. भिंतीतल्या सॉकेटला अर्थ येतो का तेही बघा. जुन्या वाड्यांत सॉकेटला तीन भोकं असतात, तिसऱ्याच्या मागे काहीच नसतं.

शेंगाचटणी

वाचनखूण साठवली. प्रश्न: डब्याचं तोंड समोरून कापायचं की वरून? आणि ६९ वॅट आत, म्हणजे आत भट्टी होणार नाही का?

यंत्रमाग_३डी

तळ पूर्ण कापून काढा आणि डबा उलटा-सुलटा न करता टोपासारखा वरून ठेवा. समोर दार करत बसलात तर बिजागरीच्या फटीतून उजेड गळतो. खाली प्लायचा पाया, त्यात डबा बसेल अशी १० मिमी खोल खाच, आतून काळा रंग. कापलेली कड वस्तऱ्यासारखी असते, तिच्यावर यू रबर बिडिंग चढवा.

भट्टी होतेच. वरच्या बाजूला ८० मिमीचा पंखा हवा बाहेर ओढणारा, आणि पायाला बाजूने हवा आत यायला भोकं. दोन्हीकडे काळ्या पुठ्ठ्याचा एल आकाराचा आडोसा करा, हवा वळून जाते, उजेड जात नाही. पाच मिनिटं रिकामा चालवून आत थर्मामीटर ठेवा. ६० च्या वर गेलं तर पंखा कमी पडतोय. थोडी ऊब चांगलीच असते, रेझिनची रासायनिक क्रिया ऊब मिळाली की जास्त पूर्ण होते. पण साध्या रेझिनचे बारीक भाग ६० च्या पुढे लोळायला लागतात.

फिरतं ताट: २८बीवायजे-४८ स्टेपर आणि यूएलएन२००३ ड्रायव्हर, ५ व्होल्ट, मिनिटाला ४-५ फेरे. २३० व्होल्टची ओव्हनवाली सिंक्रोनस मोटरही चालते, पण पत्र्याच्या डब्याखाली २३० व्होल्ट कशाला न्यायचे. ताट ३ मिमी पारदर्शक ॲक्रिलिकचं, खाली चकचकीत फॉइल. इथे ॲक्रिलिक चालतं कारण ४०५ त्यातून आरपार जातं आणि आयपीए सुकल्यावरच भाग आत येतो. ताट अपारदर्शक असेल तर तळाची बाजू कच्ची राहते, आणि सपोर्टच्या (छापताना दिलेल्या आधारकाड्यांच्या) खुणा नेमक्या तिथेच असतात.

सोल्डरबाबा

दाराऐवजी टोप, उत्तम. पण टोप उचलला की पट्टी विझलीच पाहिजे. पायाच्या खाचेत मायक्रोस्विच. त्याच्यातून थेट ६ अँपिअर डीसी नेऊ नका. डीसीची ठिणगी लांबते, आणि त्या स्विचवर छापलेला आकडा एसीचा असतो. स्विचने रिलेची कॉइल तोडायची, रिलेने पट्टी.

टायमर रिले मोड्यूल घेताना एक खोड लक्षात ठेवा. बरीच मोड्यूल वीज आली की आपोआप मोजायला लागतात. लाइट जाऊन आली की पट्टी आपली आपण चालू. त्यातला "बटण दाबल्यावरच सुरू" हा मोड निवडा.

डोळ्यांसाठी नारिंगी चष्मा. साधा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा चष्मा खालचं यूव्ही अडवतो, ४०५ बरंचसं जाऊ देतो. बघायला खिडकी हवीच असेल तर नारिंगी ॲक्रिलिक लावा. खरं तर नकोच. आत बघण्यासारखं काही नसतं.

कडक_भाकरी

वॉशच्या बाजूचं कोणी बोलणार का? पंखा घ्यायचा म्हणालाव, पण कसा जोडायचा? १२ व्होल्टला हजार-बाराशे आरपीएमने फिरला तर टाकीतली चुंबकाची कांडी उडून बाजूला पडती.

सोल्डरबाबा

पडते. म्हणून पंखा पूर्ण व्होल्टला सुरूच करायचा नाही. एलएम२५९६ बक कन्व्हर्टर (व्होल्ट कमी करणारं मोड्यूल) घ्या, ५ व्होल्टला सुरू करा, कांडी धरली की हळूहळू ७-८ पर्यंत. दोन तारांच्या पंख्यावर पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग कमी करणं) लावलं तर तो किंचाळतो, बक शांत असतो.

पंख्याच्या मधल्या बुंध्यावर १० × ३ मिमीचे दोन निओडिमियम चुंबक, केंद्रापासून सारख्या अंतरावर, एकमेकांपासून २५-३० मिमी. एकाचा उत्तर ध्रुव वर, दुसऱ्याचा दक्षिण वर. दोन्ही सारखे लावले तर कांडी थरथरते आणि सुटते. दहापैकी नऊ तक्रारी याच असतात. एपॉक्सीने चिकटवा, फेविक्विक उष्णतेने ठिसूळ होतं. टाकीत ४० मिमीची टेफ्लॉनची स्टिरर कांडी, प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळते. चुंबकाच्या माथ्यापासून टाकीच्या तळापर्यंत ३ ते ५ मिमी, त्याहून जास्त फट नको. डब्याच्या तळाला मधे फुगवटा असेल तर तो डबा बाद.

बक आणि एसएमपीएस भिंतीवर, खाली फक्त पंखा.

यंत्रमाग_३डी

पंख्याने काम होतं, पण स्टेपर बरा असं माझं मत. कारण धुलाई होते ती भाग आणि द्रव यांच्यातल्या घर्षणाने. एकाच दिशेने फिरवत राहिलं की थोड्या वेळात सगळं द्रव एकसंध भोवऱ्यासारखं फिरतं आणि भागाच्या मागच्या बाजूला काहीच घासलं जात नाही. स्टेपर दर २०-३० सेकंदांनी उलटा फिरवता येतो, आणि ती दिशा बदलतानाची खळबळच खरी मळ काढते.

नेमा १७ स्टेपर, ए४९८८ ड्रायव्हर, आर्डुइनो नॅनो. अर्ध्या पावलावर ४०० पावलांचा एक फेरा, ४०० आरपीएमला सेकंदाला सुमारे २,६७० पावलं, नॅनोला सहज झेपतं. वेग चढताना-उतरताना २ सेकंदांचा उतार द्या, नाहीतर चुंबकाची पकड सुटते. टाकीतला पंखा पीईटीजी प्लास्टिकचा छापा. तो रेझिनमध्ये छापू नका, रेझिनचे भाग आयपीएत कायम राहिले की फुगतात आणि तडकतात. त्यातले चुंबक एपॉक्सीने पूर्ण बंद करा. निकेलचा मुलामा टवका उडून गेला की गंज सुटतो आणि तो तपकिरी गाळ पांढऱ्या प्रिंटवर बसतो.

सोल्डरबाबा

पटलं, पण पहिल्यांदा करणाऱ्याने पंख्यापासूनच सुरुवात करावी असं मी तरी म्हणेन. भोवऱ्यावर स्वस्त उपाय: चौकोनी डबा घ्या, गोल नको. कोपऱ्यांत द्रव आपटून भोवरा मोडतो. आणि भाग ठेवायची जाळी पक्की बसलेली हवी, भाग द्रवाबरोबर फिरता कामा नये.

जाळीबद्दल: स्टीलची तळणीची जाळी घ्यायला भांड्यांच्या दुकानात जाताना खिशात चुंबक ठेवा. चुंबक कडकडून चिकटला तर ती जाळी नको, खालचा चुंबक तिलाच धरून बसेल. कडेला किंचित ओढ जाणवली तर चालतं. तळापासून २५ मिमी वर टांगा, कांडीला लागू नये.

सराफी_काम

कास्टेबल रेझिनच्या (साच्यात जळून जाणारं, धातू ओतायच्या कामाचं) अंगठ्यांसाठी हेच चालेल का? प्लास्टरमध्ये भरल्यावर पृष्ठभागावर खवले येतात.

यंत्रमाग_३डी

खवले बहुतेक वेळा कच्च्या रेझिनमुळे. पृष्ठभागावर न पिकलेलं रेझिन राहिलं की त्याच्या लगतचं इन्व्हेस्टमेंट (साच्याचं प्लास्टर) नीट सेट होत नाही, जळताना ते सुटतं आणि धातूत खवला उमटतो. दोन टाक्या ठेवा आणि कास्टेबलची दुसरी टाकी फक्त कास्टेबलसाठी, ग्रे रेझिनचा अंश नको. खडे बसवायच्या बारीक जागा आणि जाळीकाम असेल तिथे सिरिंजने ताजं आयपीए मारा. क्युअरिंग साध्या रेझिनपेक्षा बरंच जास्त लागतं, बाटलीवरचा वेळ किमान धरा. सुकल्यावर १०एक्स भिंगाखाली बघा, चकचकीत ओला डाग दिसला तर परत धुवा.

आणि कोणी विचारायच्या आधीच: दाताच्या कामाचं, तोंडात जाणारं काहीही या घरगुती डब्यात पक्कं करू नका. त्या रेझिनचा सुरक्षितपणा विशिष्ट मशीन, विशिष्ट वेळ आणि तापमान यांच्यावरच तपासलेला असतो.

शेंगाचटणी

आता मुख्य: आयपीए खराब झालं हे कळतं कसं? आणि धुवायचं किती वेळ?

सोल्डरबाबा

वेळ आधी. पहिल्या, मळक्या टाकीत २-३ मिनिटं, मधे मऊ ब्रश. दुसऱ्या, स्वच्छ टाकीत २ मिनिटं. एकूण पाच-सहा मिनिटांच्या पुढे नको. जास्त वेळ ठेवलं की आयपीए भागात मुरतं, बारीक टोकं फुगतात, सुकताना चिरतात. मग रबरी ब्लोअरने हवा मारा. हेअर ड्रायर किंवा हीट गन अजिबात नाही, ओल्या भागावर तापलेली तार म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात आपल्या कोरड्या हवेत १५ मिनिटांत सुकतं, पावसाळ्यात अर्धा तास द्या. ओलसर भाग क्युअर केला की पांढुरका थर येतो. मग लोक पट्टीला दोष देतात.

आयपीए खराब झालंय का ते वजनाने कळतं. १०० मिलीचा मापनळा आणि ०.१ ग्रॅमचा काटा. शुद्ध आयपीए ३० अंशाला १०० मिली म्हणजे ७८ ग्रॅमच्या आतबाहेर. रेझिनची घनता १.१ च्या आसपास. १० टक्के रेझिन मिसळलं की तेच १०० मिली ८१ ग्रॅमच्या जवळ जातं. तीन ग्रॅम वाढले की दुसरी टाकी पहिली करा, पहिली निवळायला ठेवा, दुसरीत ताजं भरा.

एक सापळा आहे. तापमान वाढलं की घनता उतरते, २० ते ४० अंशांत १०० मिलीमागे दीड-पावणेदोन ग्रॅमचा फरक पडतो. जानेवारीत लिहून ठेवलेला आकडा मेमध्ये लावलात तर अर्धं मळलेलं आयपीए स्वच्छ वाटेल. म्हणून दरवेळी त्याच दिवशी, त्याच खोलीतल्या ताज्या आयपीएचं वजन करून तुलना करा. हीच युक्ती कॅन विकत घेताना: ९९ टक्के म्हणून दिलेलं ताजं आयपीए ८० च्या वर भरलं तर त्यात पाणी आहे.

कडक_भाकरी

आयपीए संपलं तर सॅनिटायझर चालतंय का? घरात दोन लिटर पडलंय.

यंत्रमाग_३डी

नाही. त्यात पाव हिस्सा तरी पाणी असतं आणि हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन. पाण्याने पांढरा थर, ग्लिसरीनने चिकटपणा. जेलवालं असेल तर विचारूच नका. पॉलिशचं स्पिरिटही नको, त्यात मेथेनॉल असू शकतं. ॲसिटोन रेझिनचे बारीक तपशील खातं आणि आयपीएपेक्षाही लवकर पेटतं.

आगीची भीती खरंच कमी करायची असेल तर टीपीएम, म्हणजे ट्रायप्रॉपिलीन ग्लायकॉल मोनोमिथाइल इथर. फ्लॅश पॉइंट १०० अंशांच्या वर. पत्र्याच्या खोलीसाठी माझं पहिलं मत तेच. तोटा असा की ते उडत नाही, म्हणून नंतर पाण्याने खळबळून घ्यावं लागतं, आणि ते पाणी गटारात सोडता येत नाही.

सात_रस्ता

मग वॉटर वॉशेबल रेझिनच का घेऊ नये? आयपीएची कटकटच नको.

यंत्रमाग_३डी

नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात? हलकेच घ्या. पण दोन अडचणी खऱ्या आहेत. बोअरचं पाणी जड, सुकलं की क्षारांचे पांढरे ठिपके. शेवटचं खळबळणं आरओच्या पाण्यात करावं लागतं. आणि धुतलेलं पाणी हे रेझिनचं पाणी आहे. ते मोरीत सोडायचं नाही, झाडांना तर मुळीच नाही. उथळ ट्रेमध्ये उन्हात ठेवा, रेझिन पक्कं होतं, पाणी उडतं, खरवडलेला पापुद्रा कोरड्या कचऱ्यात. या एका कामाला मात्र सोलापूरचं ऊन अव्वल. वॉटर वॉशेबलचे भाग साध्या रेझिनपेक्षा ठिसूळ असतात हेही धरा.

शेंगाचटणी

मळकं आयपीएसुद्धा असंच उन्हात ठेवायचं ना? काचेच्या बरणीत भरून गच्चीवर ठेवतात असं वाचलंय.

सोल्डरबाबा

ठेवतात. पण इथे थोडी उलटी पद्धत बरी.

घट्ट झाकणाची बरणी मेच्या उन्हात ठेवली तर आत दाब चढतो, झाकण उडतं किंवा काच फुटते. झाकण उघडं ठेवलं तर आयपीए उडून जातं. आणि द्रव भरलेली गोल बरणी भिंगाचं काम करते, मागे वाळलेला पालापाचोळा किंवा सुतळी असेल तर तिथे प्रकाशाचा ठिपका पडतो. म्हणून आधी बरणी सावलीत, थंड कोपऱ्यात दोन-तीन दिवस न हलवता ठेवा. रंगद्रव्य आणि जड गाळ खाली बसतो. वरचं नितळ आयपीए हळूच ओतून कॉफी फिल्टरमधून गाळा आणि पहिल्या टाकीत वापरा. उरलेला घट्ट गाळच तेवढा उथळ स्टीलच्या ताटात, सकाळच्या कोवळ्या उन्हात, उघड्यावर. खडखडीत झाला की कचऱ्यात. विरघळलेलं थोडं रेझिन नितळ दिसणाऱ्या आयपीएतही राहतंच, म्हणून ते दुसऱ्या टाकीत नको.

दोन गोष्टी कधीच करू नका. आयपीएची बरणी क्युअरिंगच्या डब्यात ठेवून पट्टी लावणं, म्हणजे बंद पत्र्याचा डबा, वाफ आणि रिले. आणि घरी उकळून शुद्ध करणं.

वॉश ज्या खोलीत आहे तिथे देवघर, उदबत्ती, गॅस, इन्व्हर्टर, फ्रिज यांतलं काही नको. फ्रिजच्या थर्मोस्टॅटलाही ठिणगी असते. साठा पाच लिटरच्या वर नको, पत्र्याखाली नको, खालच्या मजल्यावर सावलीत. एबीसी पावडरचा अग्निशामक दाराजवळ हवा, टाकीजवळ नाही. पेटलं तर तुम्ही दाराकडे पळणार, टाकीकडे नाही.

यंत्रमाग_३डी

हातमोजे नायट्रिलचे, लॅटेक्स नको. आयपीएने भिजलेला पातळ नायट्रिल मोजाही थोड्या वेळात रेझिन आत सोडतो, म्हणून ओला झाला की बदला. ॲक्रिलेटची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते.

आणि टॉवेलचं कापड. इथे टेरी टॉवेलचे तुकडे किलोवर मिळतात, त्याने प्रिंट पुसायचा मोह होतो. ओल्या, चिकट प्रिंटवर त्याचे तंतू बसतात आणि क्युअर झाले की कायमचे. टेबल पुसायला टेरी, प्रिंटला होजिअरीचं किंवा मायक्रोफायबर.

सात_रस्ता

क्युअर केल्यावरही चिकट राहिलं तर?

सोल्डरबाबा

तीनच कारणं: आयपीए मळलेलं, भाग ओला, किंवा हवेतला ऑक्सिजन. ऑक्सिजन पृष्ठभागावरची क्रिया अडवतो. अर्धं मिनिट ताज्या आयपीएत धुवा, सुकवा, काचेच्या वाडग्यात आरओच्या पाण्यात पूर्ण बुडवून परत दोन मिनिटं क्युअर. पाणी उकळून गार केलेलं असेल तर बुडबुडे कमी चिकटतात, नाहीतर प्रत्येक बुडबुड्याखाली एक चिकट टिकली राहते. पारदर्शक रेझिन तर मी सरळ पाण्यातच करायला सांगेन, पिवळेपणाही कमी येतो.

वेळ कोणाची नक्कल करून ठरवू नका. काचपट्टीवर रेझिनचे पाच थेंब, एक मधे, चार कोपऱ्यांना, ताटावर न फिरवता ठेवा. दर ५ सेकंदांनी टाचणीने टोचा. कोपऱ्यातला आणि मधला थेंब यांत दुपटीचा फरक असेल तर पट्ट्यांची जागा बदला. सारखे आले की साध्या ग्रे रेझिनला ३-४ मिनिटांपासून सुरुवात करा. जास्त पिकवलं तर ठिसूळ.

सात_रस्ता (धागा वर काढतोय)

गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेसाठी सात नंदीध्वजांचा, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचा, छोटा संच छापतोय. काठी १८ सेंमी, ३ मिमी जाड. फिरतं ताट, चारही बाजूंनी पट्टी, तरी धनुष्य होतंय. आणि पोकळ केलेला नंदी दोन आठवड्यांनी पोटाला तडकला.

यंत्रमाग_३डी

नंदी आधी: पोटात कच्चं रेझिन अडकलंय. ३ मिमीची दोन भोकं, एक सगळ्यात खाली, एक वर, एकाने द्रव निघत नाही. सिरिंजने आयपीए आरपार, सुकवून मग ५ मिमीचा ४०५ चा सुटा एलईडी वायरवर आत घालून दोन मिनिटं. मग भोकं त्याच रेझिनने बुजवा.

काठी ३ मिमीत १८ सेंमी सरळ राहणार नाही, ताट कितीही फिरवा. सायकलची आरी (स्पोक) घ्या, २ मिमीची असते. काठीची जाडी ४ मिमी करा, ४० मिमीचे तुकडे, मधून २.३ मिमीचं आरपार भोक, उभे छापा. भोक सिरिंजने धुवा, आत रेझिन राहिलं तर आरी अडकते. धुलाई तीन मिनिटांत आटपा. तुकडे क्युअर करून आरीवर ओवा, सांध्याला रेझिनचा थेंब आणि ४०५ ची टॉर्च.

सात_रस्ता

आरी गंजणार नाही का?

यंत्रमाग_३डी

स्टेनलेसची मागा. चुंबक खिशात आहेच.